गोळीची खाज आणि गाजरगवत

आमचं काम बियाणं, खतं, फवारणी यांचं. पण मागच्या खरिपातली घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वहिनींचा थायरॉईड वाढला होता. छाती धडधडायची, हात कापायचे, चांगलं खाऊनही अंग उतरत चाललेलं. डॉक्टरांनी कार्बिमॅझोल सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात अंगभर खाज आणि लाल चट्टे. निंदणीचे दिवस, सगळे म्हणाले गाजरगवत बाधलं. मीही तेच म्हणालो! वास्तविक गाजरगवताचं बहुधा उघड्या अंगावर उठतं: चेहरा, मान, हात. वहिनींच्या पाठी-पोटावर होतं. हे मला तरी कळायला हवं होतं. पुढे त्यांना गोळीचाच संशय आला आणि कुणाला न विचारता त्यांनी ती बंद केली. पंधरा दिवसांत धडधड परत सुरू.

ही गोळी घेणाऱ्या शंभरातल्या पाचेक जणांना असं होतं. नुसती खाज-पुरळ असेल तर घाबरू नका, पण मनाने गोळीही सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा सेट्रिझिनसारखी खाजेची गोळी जोडीला देऊन तेच औषध चालू ठेवतात. वहिनींचं तसंच झालं. नाहीच सोसलं तर प्रोपिलथायोयुरॅसिल, किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन हे मार्ग आहेत.

खरी भीती वेगळीच आहे. औषध चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, तर दुकानातून तापाची गोळी आणून गप्प बसू नका. हजारात दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम घटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. पिकाची राखण करणाराच पळून गेल्यासारखं ते आहे. अशा वेळी मात्र गोळी लगेच थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्यायच्या. उद्याच्या एस.टी.ची वाट बघू नका. डोळे पिवळे झाले, तरी गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ-चेहरा सुजला, दम लागला, तर घटकाभरही थांबू नका. पेशी घटल्याचं एकदा निघालं की ती गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही, जोडीचं प्रोपिलथायोयुरॅसिलही नाही.

दवाखान्यात जाताना गोळीचं पाकीट बरोबर न्या. दोन दिवसांत फवारणी केली असेल तर औषधाची बाटलीसुद्धा, झाकण घट्ट लावून.