भयहास्याचे लघुचित्रपट आणि त्यांतील भिणारा नट

हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस होत, असे साहित्यदर्पणकार विश्वनाथाचे मत आहे. रसांच्या विरोधाचा विचार करताना हास्याचे विरोधी म्हणून त्याने भयानक आणि करुण या दोनच रसांचा निर्देश केला आहे. हे मत अनुभवाला धरून आहे. जो मनुष्य खरोखर भ्यालेला असतो त्याला हसू येत नाही, आणि ज्याला हसू फुटले त्याचे भय ओसरलेले असते. असे असूनही मूकपटाच्या उत्तरार्धापासून सुमारे चार दशके अमेरिकेत एक असा चित्रप्रकार भरभराटीस आला की, ज्याचे सर्व सामर्थ्य या दोन रसांना एका खोलीत कोंडण्यात होते. दोन रिळांचा, पंधरावीस मिनिटांचा पट; पडका वाडा, मध्यरात्र, आपोआप उघडणारे दार, आणि त्यात सापडलेले दोघे-तिघे बावळट. या प्रकाराला येथे सोयीसाठी ‘भयहास्यपट’ असे म्हटले आहे. त्यातील विनोदाचे मर्म कोठे आहे, ते ज्यांनी सांभाळले ते नट विस्मृत का झाले, आणि मराठीत हा प्रकार बीजरूपाने येऊनही का वाढला नाही, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रसविरोधाचा परिहार कसा करावा, याचा मार्ग आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात दाखविला आहे. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवले म्हणजे विरोध नाहीसा होतो; नायकाच्या ठायी उत्साह आणि प्रतिनायकाच्या ठायी भय असल्यास दोन्ही एकमेकांस पोषकच ठरतात. भयहास्यपटाची घडण अगदी अशीच आहे. भयाचा आश्रय पडद्यावरील पात्र, हास्याचा आश्रय प्रेक्षक. काव्यशास्त्रात आश्रय म्हणजे पात्र, प्रेक्षक नव्हे, आणि म्हणून ही मांडणी थोडी ओढाताणीची आहे, हे उघड आहे. तथापि तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. प्रेक्षकाने हसावे यासाठी पात्राने मनापासून भ्यावे लागते. भिण्याचे नुसते सोंग करणारा नट हास्यही घालवतो आणि भयही. म्हणून या प्रकारातील आधारस्तंभ भूत नव्हे, विनोद करणारा नायकही नव्हे. तो आहे भिणारा मनुष्य. तो बहुधा दुय्यम नट असतो, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव असेलच असे नाही.

इंग्रजीत या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. मूळ शब्द एका साधनाचा आहे. इटलीच्या जुन्या लोकनाट्यात विदूषक ज्या दुहेरी फळीने दुसऱ्यास मारी तिचा आवाज मोठा होई आणि मार हलका बसे. आपल्या संस्कृत नाटकातील विदूषकाच्या हातीही वाकडी काठी असते, आणि तमाशातील सोंगाड्याचे शाब्दिक टोले त्याच कुळातले आहेत. मार खोटा आणि आवाज खरा, हे तत्त्व भयाला लागू केले की भयहास्यपट तयार होतो. भूत खोटे असते, पण बोबडी खरोखर वळलेली असते.

बस्टर कीटनच्या ‘द हाँटेड हाउस’ (१९२१) या पटात हे तत्त्व आरशासारखे स्वच्छ दिसते. बनावट नोटा छापणाऱ्या टोळीने लोकांना दूर ठेवण्यासाठी एक घर भुताटकीचे बनविलेले असते; पांढऱ्या चादरी पांघरलेले चोर तेथे वावरतात, आणि जिन्याच्या पायऱ्या कळ दाबताच सपाट होऊन चढणारा मनुष्य घसरत खाली येतो. त्याच रात्री ‘फाउस्ट’ नाटक करणारी एक मंडळी प्रेक्षकांच्या रोषापासून पळ काढून, सैतानाच्या वेषासह, त्याच घरात शिरते. आता खोट्या भुतांना खोटे सैतान भेटतात. कीटनचा चेहरा प्रसिद्धच आहे. त्यावर रेषा हलत नाही. म्हणजे भय व्यक्त करण्याचे सर्व काम इतरांवर पडते. त्या इतरांत जो रॉबर्ट्स हा धिप्पाड नट होता. कीटनच्या बहुतेक लघुपटांत तो आहे. १९२३ साली तो वारला. त्याच वर्षी कीटन मोठ्या चित्रपटांकडे वळला. कीटनवर ग्रंथ झाले. रॉबर्ट्सचे नाव तळटीपेत राहिले.

हॅरल्ड लॉइडच्या ‘हाँटेड स्पूक्स’ची (१९२०) हकीकत निराळी आहे. या पटाचे काम चालू असताना, ऑगस्ट १९१९ मध्ये, छायाचित्र घेण्यासाठी हाती घेतलेला खोटा समजलेला बाँब प्रत्यक्षात खरा निघाला आणि लॉइडने उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावली. खोट्या भयाच्या धंद्यात खरे भय असे मधूनच हात घालते.

लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘द लाइव्ह घोस्ट’ (१९३४) या पटाचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे, कारण त्यात भूत आणि भिणारा या दोन्ही भूमिका कमी प्रसिद्ध नटांनी तोलल्या आहेत. जहाजाला ‘भुताचे जहाज’ म्हटले जाते म्हणून कप्तान संतापलेला असतो. भूत हा शब्द जो उच्चारील त्याची मान अशी फिरवीन की, उत्तरेकडे चालताना त्याला दक्षिण दिसेल, अशी त्याची धमकी असते. हा कप्तान वॉल्टर लाँग. दारुड्याचे सोंग हाच ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय झाला तो आर्थर हाउसमन येथे खलाशी आहे. तो झिंगून चुन्याच्या निवळीत पडतो आणि पांढराफटक होऊन जहाजावर हिंडू लागतो. त्याला स्वतःला आपण भूत झालो आहोत याचा पत्ता नसतो. हाउसमन येथे काहीच ‘करीत’ नाही. केवळ तोल सावरत चालतो. परंतु ते चालणे इतके निर्हेतुक आहे की, त्यातूनच भय उत्पन्न होते. हार्डी दर वेळी कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे, केविलवाणे पाहतो. वर सांगितलेला आश्रयभेद त्या एका दृष्टिक्षेपात प्रत्यक्ष होतो.

बोलपटाच्या काळात हा प्रकार सर्वांत अधिक पिकला तो कोलंबिया कंपनीच्या लघुपट विभागात. ‘थ्री स्टूजेस’ या त्रयीचे १९३४ ते १९५९ या काळात १९० लघुपट प्रदर्शित झाले. त्यांत ‘वुई वाँट अवर ममी’ (१९३९), ‘स्पूक लाउडर’ (१९४३), ‘द हॉट स्कॉट्स’ (१९४८) असे भुताटकीचे पट पुष्कळ आहेत. गुणवत्तेने ते समान नाहीत. काही तर निव्वळ घाऊक माल आहेत. पण याच विभागात ह्यू हर्बर्टसारखे, आज कोणाला फारसे न आठवणारे, विनोदी नट स्वतंत्र पट करीत, आणि त्यांच्या शेजारी डडली डिकरसन हा कृष्णवर्णीय नट वारंवार दिसतो. ‘गेट अलाँग लिट्ल झाँबी’ (१९४६) मध्ये तो हर्बर्टसोबत आहे. ‘अ प्लंबिंग वुई विल गो’ (१९४०) मधील त्याचा आचारी, म्हणजे ज्याच्या शेगडीतून ज्वाळेऐवजी पाणी येते तो, भुताचा मागमूस नसतानाही भयहास्याचा उत्कृष्ट नमुना आहे. वस्तू आपला स्वभाव सोडून वागू लागली की मनुष्याला कसे वाटते, हे त्याने संपूर्ण देहाने दाखविले आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून या पटांचा आस्वाद घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकन पटांत भिणारा मनुष्य इतक्या वेळा कृष्णवर्णीय नोकर का असतो? उत्तर सरळ आहे: ज्याचे भय गंभीरपणे घेण्याची प्रेक्षकाला सवय नाही, त्याच्याच भयाला हसणे सोपे जाते. आपण हे परक्यांचे पाप म्हणून बाजूला सारू नये. हास्य रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी अधिक दिसतो, असे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. भयानकाचा संबंधही तेथे त्याच वर्गाशी जोडलेला आहे. म्हणजे भ्यावे कोणी आणि हसू कोणाचे व्हावे, याची वाटणी भरतापासून झालेली आहे. आपल्या भुतांतही ही वाटणी आहेच. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणांचे, खवीस दुसऱ्यांचा, हडळ आणि जखीण बायकांची. मेल्यावरदेखील जात सुटत नाही. डिकरसनची थोरवी अशी की, त्याला दिलेली चौकट अपमानकारक असूनही तो तिच्यात निव्वळ चेष्टेचा विषय होत नाही. त्याच्या भयाला कारण असते, क्रम असतो, आणि काही क्षणी त्याचा तर्क नायकाच्या तर्कापेक्षा शहाणा ठरतो: घर विचित्र वागत असेल तर घराबाहेर पडावे! मात्र श्रेयनामावलीत त्याचे नाव पुष्कळदा नसे.

या अनामिकतेची परिसीमा १९५६ साली झाली. स्टूजेसपैकी शेंप हॉवर्ड नोव्हेंबर १९५५ मध्ये निवर्तला. कंपनीला त्याचे चार पट देणे बाकी होते. जुन्या पटांतील दृश्ये जोडून, आणि नव्या दृश्यांत जो पाल्मा या नटाला पाठमोरा उभा करून किंवा त्याचा चेहरा झाकून, ते चारही पट पुरे करण्यात आले. मृताच्या नावाने जिवंत मनुष्य वावरतो आणि त्याने चेहरा दाखवू नये अशी अट असते. भुताच्या गोष्टी रचणाऱ्यांनासुद्धा इतकी अस्सल कल्पना सुचली नव्हती, आणि ती काटकसरीतून निघाली.

काटकसर हा शब्द महत्त्वाचा आहे. लघुपट हा खेळाच्या कार्यक्रमातील भरणा होता. मुख्य चित्रापूर्वी एक जागा रिकामी असे, ती त्याने भरावयाची. भयहास्यपट हे त्या जागेचे अपत्य आहे. मराठीचा विचार येथून केला पाहिजे, अन्यथा आपल्याकडे भुतांचा किंवा विनोदाचा तुटवडा होता असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

दादासाहेब फाळके यांचा दुसरा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. जानेवारी १९१४ मध्ये तो मुंबईत लागला तेव्हा त्याच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट होता. जो हात डोक्यावर ठेवताच मनुष्य भस्म होतो त्या हाताची कथा, आणि तिच्या शेजारी पिठाने माखलेल्या हातांचे प्रहसन; हा योग जाणूनबुजून साधलेला असो वा नसो, भय आणि हास्य एकाच खेळात शेजारी बसले होते. फाळके यांना जादूच्या प्रयोगांचा नाद होता. स्वतःचे आडनाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत, आणि त्याच नावाने त्यांनी जादूचा एक पटही काढला. आगकाड्या एकेक चित्राने सरकवून त्या जिवंत केल्यासारख्या दाखविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हाही त्यांचाच. निर्जीव वस्तू हलू लागणे हे भयहास्याचे मूळ यंत्र आहे. ते फाळके यांच्या हाती पहिल्या दोन-तीन वर्षांतच आले होते. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यावरील माहितीपटही याच किरकोळ पटांच्या ओळीतला. चाकणहून महाळुंग्यावरून तळेगावास जाणाऱ्या रस्त्यावर आज कारखान्यांची दाटी झाली आहे. या टापूतील उद्योगाचे चित्रण करणारा पहिला मनुष्य जादूगार होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग पुढे काय झाले? आपला मुख्य चित्रपट लांबत गेला. गाण्यांसह तो सगळा खेळ व्यापू लागला आणि विनोदी नट त्याच्याच पोटात उपकथानक होऊन बसला. अपवाद आहेत, गडकऱ्यांच्या ‘ठकीचे लग्न’वरून १९३५ साली विनोदी लघुपट निघाला. पण उरलीसुरली जागाही लवकरच कायद्याने घेतली. १९४३ साली, युद्धकाळात, सरकारमान्य वार्तापट व माहितीपट दाखविणे चित्रगृहांना सक्तीचे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि ती सक्ती पुढे कित्येक दशके चालू राहिली. चित्रगृहाचा मालक भाडे भरून माहितीपट दाखवीत असता आणखी एक लघुपट कोण घेणार? फाळके यांच्या किरकोळ पटांपैकी काच कारखान्याला वारस मिळाले. ‘पिठाचे पंजे’ निपुत्रिक राहिले.

त्यामुळे आपला भिणारा नट पूर्ण लांबीच्या चित्रपटात शोधावा लागतो. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी उभी केली. तीत भूत नाही. पण तिरळ्या नजरेचा धास्तावलेला चिमणराव आणि सोटा घेऊन त्याला धीर देणारा गुंड्याभाऊ ही भयहास्यपटाला सर्वस्वी योग्य अशी जोडी होती. दोन रिळांची जागा उपलब्ध असती तर या दोघांना कोणीतरी पडक्या वाड्यात रात्रभर नक्कीच कोंडले असते.

भूत खऱ्या अर्थाने आले ते पुष्कळ उशिरा. रवी नमाडे दिग्दर्शित ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटाच्या लेखनात द. मा. मिरासदार होते, दिलीप प्रभावळकरांचा शाळामास्तर आणि अशोक सराफांचे भूत यांत भयाचे रूपांतर सलगीत होते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) अमेरिकेतील ‘चाइल्ड्स प्ले’ची कल्पना घेतली, रामदास पाध्ये यांचा बाहुला घेतला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना भिणाऱ्याची जागा दिली. बाहुला जिवंत आहे हे एकट्या लक्ष्याला ठाऊक आणि इतर कोणाला पटत नाही, ही रचना दोन रिळांच्या पटांचीच आहे. मराठीत मात्र एक फरक झाला: भिणारा हाच नायक ठरला, नोकर नव्हे. वाटणी बदलली. दुय्यम नटांचे नशीब मात्र तेच राहिले. ‘बाबा चमत्कार’ हे नाव लहान मुलेही जाणतात. ती भूमिका करणारे राघवेंद्र कडकोळ २०२१ साली वारले तेव्हा अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले असावे.

कोलंबियाच्या लघुपटांना १९५८ नंतर दूरचित्रवाणीने पुनर्जन्म दिला. तेथेही छोट्या रिकाम्या जागा भरावयाच्या होत्या. त्या पुनर्जन्मामुळेच डिकरसन, हाउसमन यांची नावे कोणीतरी हुडकून काढली. आपल्याकडे असे काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ उपलब्ध रिळांवर विसंबू नये. पुण्याचे चित्रपट संग्रहालय १९६४ साली, म्हणजे मूकपट संपून तीस वर्षे झाल्यावर, स्थापन झाले, आणि जानेवारी २००३ च्या आगीत पुण्यात जपलेली नायट्रेटची जुनी रिळे मोठ्या संख्येने जळाली. जुन्या वृत्तपत्रांतील चित्रगृहांच्या जाहिराती वाचाव्यात. मुख्य चित्राखाली बारीक टायपात ‘शिवाय’ म्हणून जे छापलेले असे, तेच आपले साधन. त्याखेरीज १९२७–२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढील साक्षींचे खंड आहेत. त्यांत खुद्द फाळके यांची साक्ष आहे. ती प्रथम वाचावी.