अंधाऱ्या घरांतील स्वस्त प्रकाश

श्रीमंताच्या घरीं अंधार केवळ रात्रीं येतो. गरिबाच्या घरीं तो दिवसांही वस्तीला असतो. शहरांतील दाट वस्त्यांत एका झोपडीची भिंत दुसरीस टेकलेली असते. खिडकीस जागाच नसते. बाहेर रखरखीत ऊन असतां आंत तांदूळ निवडण्यासाठीं दिवा लावावा लागतो. ज्या घरास दिव्याचा खर्च झेपत नाहीं, तेथील मुलाचा अभ्यास मागें पडतो तो बुद्धीच्या अभावीं नव्हे, तर उजेडाच्या अभावीं. म्हणून अल्प खर्चांत प्रकाश कसा मिळवितां येईल, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम दिवसाच्या अंधाराचा विचार करूं. ब्राझील देशांतील उबेराबा येथील आल्फ्रेडो मोझर या यांत्रिकानें २००२ सालीं, वीजटंचाईच्या काळांत, एक सोपी युक्ति काढिली. दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली स्वच्छ पाण्यानें भरावयाची; शेवाळ धरूं नये म्हणून तींत दोन झांकणें ब्लीच घालावयाचें; मग पत्र्यास भोंक पाडून बाटली अशी बसवावयाची कीं, तिचा वरचा भाग उन्हांत व खालचा घरांत राहील. पावसाचें पाणी झिरपूं नये म्हणून कड रेझिननें बंद करितात.

येथें कोणी विचारील, नुसतें भोंक कां पुरूं नये? नुसत्या भोंकांतून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडतो. बाकीचा कोपरा अंधाराच राहतो. बाटलींतील पाण्यांत मात्र किरणांचें वक्रीभवन होतें; ते बाजूंवर आंतल्या आंत परावर्तित होत खालीं येतात आणि चहूंकडे पसरतात. भर उन्हांत अशी बाटली ४० ते ६० वॅटच्या जुन्या विजेच्या दिव्याइतका उजेड देते. फिलिपाईन्समध्यें इलाक डियाझ यांच्या संस्थेनें २०११ पासून या युक्तीचा मोठा प्रसार केला.

परंतु सूर्य मावळला कीं बाटलीही विझते. रात्रींसाठीं गरिबानें पिढ्यान् पिढ्या रॉकेलची चिमणी वापरली. तिचा धूर छातींत जातो, आगीचें भय असतें, आणि तेलाचा खर्च कधीं संपत नाहीं. आतां सौर दिवा हा उत्तम पर्याय आहे. जुना तारेचा दिवा बहुतेक वीज उष्णतेंत दवडीत असे; ६० वॅटच्या त्या दिव्याचें काम आज ८-९ वॅटचा एलईडी दिवा करितो. निळ्या एलईडीच्या शोधामुळेंच असा पांढरा प्रकाश शक्य झाला. त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हिशेब पाहा. ३ वॅटचा दिवा चार तास जळल्यास १२ वॅट-तास वीज लागते. ५ वॅटचें सौर पटल चार तासांच्या चांगल्या उन्हांत सुमारें २० वॅट-तास देतें. भरतांना कांहीं वीज वाया जाते. तरी एका मुलाच्या अभ्यासास पुरेशी उरते.

मात्र वस्तु देऊन काम संपत नाहीं. बॅटरी कालांतरानें थकते, तार तुटते. दुरुस्त करणारा नसेल तर दिवा अडगळींत पडतो. राजस्थानांतील तिलोनिया येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजनें हें ओळखिलें. तेथें खेड्यांतील स्त्रिया, त्यांपैकीं कित्येक निरक्षर, सौर दिवे जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिकतात. दिव्याचें ज्ञान गांवांतच राहतें.

पालकांस एक विनंति: मुलांनीं बाटलीचा प्रयोग करितांना ब्लीच वडील माणसानेंच हाताळावें व छपरावर मुलांस चढूं देऊं नये.

दिवठणीवरील दिव्याचा ख्रिस्तप्रभूचा दृष्टांत आपण वर्गांत ऐकतों. दिवा घरांतील सर्वांसाठीं असतो. प्रयोगशाळेंत शिकलेला वक्रीभवनाचा नियम परीक्षेच्या कागदावर राहिला तर त्याचा उपयोग थोडा. शेजाऱ्याच्या छपरांतून तो खालीं उतरला, तर एका घरीं भरदिवसां पहांट होईल.