शोध घ्या, पण खतावणी उघडी टाकू नका

मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांबचा दुकानदारही हल्ली मालाचा भाव मोबाईलवर शोधतो. एकदा ‘कर्ज’ शोधले की त्याच जाहिराती पाठीस लागतात, कारण नेहमीच्या शोधसेवा आपली नोंद ठेवतात. २००८ साली अमेरिकेत निघालेली ‘डकडकगो’ ती ठेवत नाही. जाहिरात तीही दाखवते (धर्मादाय नव्हे!), पण त्या वेळच्या शब्दापुरती. तिच्यातच आता ‘डक डॉट एआय’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आहे. प्रश्न मूळ एआय कंपनीकडे जातो, तो आपला आयपी पत्ता वगळून. मजकूर मात्र जसाच्या तसा जातो. गिऱ्हाइकाचा हिशेब ही अमानत; तेव्हा उधारीचे पत्र लिहून घेताना नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक घालू नका. जागा कोरी सोडा, नंतर हाताने भरा.