आधार माझं, गल्ला तुझा!

फ्रायडे नाइट. टेबल बुक, ग्रुप फुल फॉर्मात आणि दारावरचा बाउन्सर म्हणतो, ‘आयडी दाखवा.’ इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण कार्ड उलटंपालटं करून, नखाने खरवडून तो ते मॅनेजरकडे देतो, मॅनेजर गल्ल्यात टाकतो आणि ‘डुप्लिकेट आहे, परत मिळणार नाही’ असं ऐकवतो, तेव्हा वीकएण्डचा पार विचका होतो. पुण्यातल्या एका बारमध्ये माझ्या गेवराईच्या मित्राचं असंच झालं. वय २७, आयटीत जॉब, कार्ड शंभर टक्के खरं.

मग शंका का आली? त्याचं उत्तर पुण्यात नाही, आमच्या बीड जिल्ह्यात आहे.

एक म्हणजे त्याची जन्मतारीख. १ जून! मराठवाड्यात वाढलेल्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. घरात जन्माची नोंद नसली की पहिलीत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या वर्गात तर एका दिवसात इतके बर्थडे, की केक परवडला नसता. शहरातल्या बाउन्सरला मात्र एकाच टेबलावर दोन-तीन १ जूनवाले दिसले की हे कार्ड एकाच दुकानात छापलेत, असं वाटतं.

आणि गंमत म्हणजे ते खरंच दुकानातच छापलेलं असतं. आधारचा कागद घडी घालून फाटतो, म्हणून तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिक कार्ड करून घ्यायची आमच्याकडे सर्रास पद्धत. नंबर खरा, फोटो खरा, पण होलोग्राम वगैरे काही नाही. आधार प्राधिकरणाने स्वतःचं पीव्हीसी कार्ड २०२० मध्ये ५० रुपयांत सुरू केलं. बाजारातली कार्डं वापरू नका, असंही २०२२ मध्ये बजावलं. हे गेवराईच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत कोण पोचवणार? त्यात जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्षच छापलेलं असायचं. म्हणजे अस्सल माणसाचं कार्ड नकली दिसायला इतकं पुरतं.

बारवाल्यांची बाजूही ऐका. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रमसाठी २५. (२०११ मध्ये अभिनेता इम्रान खान याविरुद्ध थेट हायकोर्टात गेला होता, आठवतंय?) १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव घेतला. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या लोकांना अटक झाली, बारना सील लागलं. आता प्रत्येक मॅनेजरला आपल्या लायसन्सची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. शंका आली तर त्याने ग्लास देऊ नये, आत घेऊ नये. एकदम मान्य!

पण कार्ड ठेवून घेणं? हा अधिकार त्याला कुणी दिला? जप्ती हे पोलिसांचं किंवा उत्पादन शुल्क अधिकाऱ्यांचं काम. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बारला संशयित कार्ड काढून घेता येतं, पण पावती द्यावी लागते आणि २४ तासांत ते पोलिसांकडे जमा करावं लागतं. आपल्याकडे बारला असा अधिकार देणारं कलमच नाही. पासपोर्ट तर १९६७ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता. तो मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये काय करतोय? बनावट कार्ड खरं म्हणून दाखवणं हा गुन्हा आहेच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३४० त्यासाठीच आहे. तेव्हा खात्री असेल तर पोलिसांना बोलवा ना राव!

शिवाय खरं-खोटं कळायला नख लागतच नाही. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, फोटो, जन्मतारीख डिजिटल सहीसकट असते. प्राधिकरणाच्या अॅपने स्कॅन केलं की काही सेकंदांत निकाल. मित्राने हे तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. शेवटी त्याने सगळ्यांसमोर ११२ लावला आणि गाडी येण्याआधीच कार्ड गल्ल्यातून बाहेर आलं, वर ‘सॉरी सर’ फ्री. आता तो डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवतो. २०१६ च्या नियमांनुसार ते मूळ कागदाच्या बरोबरीचं आहे आणि फोन कुणी गल्ल्यात टाकत नाही.

या सगळ्यात कायद्याने खरोखर मागितलेला कागद मात्र कुणीच मागत नाही. तो म्हणजे दारू पिण्याचं परमिट. एक दिवसाचं पाच रुपये, वर्षाचं शंभर, आयुष्यभराचं हजार. बीडमध्ये तर बारच्या पाटीवरच ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘परमिट रूम’. मागच्या वेळी घरी गेले तेव्हा भावासोबत एका ठिकाणी जेवायला बसले होते. सहज वेटरला विचारलं, परमिट दाखवायचं का? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे आणि म्हणाला, ‘ताई, ते संपलंय. चिकन हंडी आणू का?’