दोन मिलिअँपिअर

"शॉक देणार का हो?" मुलाला घेऊन आलेल्या वडिलांनी दारातच विचारलं. तंत्रज्ञ मॅडमना हा प्रश्न सवयीचा. "नाही काका. शॉकला भूल लागते. इथे दादा जागेच राहतील, आपल्याशी बोलतील." शॉकमध्ये साधारण ८०० मिलिअँपिअर प्रवाह असतो. इथल्या यंत्रावर आकडा होता २.

मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी झोप सुधारली, संशय निवळला, पण त्याच्यावर सतत टीका करणारे आवाज गेले नाहीत.

आधी टेप निघाली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या मापांवरून टक्केवारी काढून स्केचपेनने दोन खुणा झाल्या: एक डाव्या कपाळाच्या वर, दुसरी डाव्या कानाच्या वर, जरा मागे. केस बाजूला सारून मीठपाण्यात भिजवलेले स्पंज त्यांवर ठेवले आणि रबरी पट्ट्याने बांधले. पाणी गळलं तर प्रवाह भलतीकडे पसरतो, कोरडं राहिलं तर त्वचा भाजते; म्हणून बटण दाबण्यापूर्वी मॅडमनी स्पंज पुन्हा चाचपले.

प्रवाह हळूहळू चढला. "मुंग्या येतायत," तो म्हणाला. पुढची वीस मिनिटं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

आवाज येतात तेव्हा मेंदूचा कानामागचा, बोलणं समजून घेणारा भाग जास्त सक्रिय असल्याचं आढळलं आहे. तिथे ऋण टोक लावून तो शांत करायचा, पुढच्या भागाला धन टोकाने चालना द्यायची, असा यामागचा तर्क. फ्रान्समधल्या लिआँ इथे ब्रुनेलँ आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांवर ही पद्धत तपासली. दिवसातून दोनदा, पाच दिवस. २०१२ साली त्यांनी आवाजांचा त्रास सरासरी ३१ टक्के घटल्याचं मांडलं. नंतरच्या काही चाचण्यांत मात्र खऱ्या आणि लुटुपुटुच्या प्रवाहात फरक दिसला नाही.

म्हणूनच सत्रानंतरची विचारपूस महत्त्वाची. उपचार सुरू होण्यापूर्वीचा त्रास १० धरायचा. आवाज थांबले तर ०, दुप्पट झाले तर २०. "आज किती, दादा?" त्याने बराच विचार करून "आठ" सांगितलं. मॅडमनी तेवढंच लिहिलं, शाबासकी दिली नाही.

हा उपचार गोळ्यांच्या जोडीने चालतो, त्यांच्या जागी नाही. तेव्हा ऑनलाइन मिळणारी यंत्रं घरी डोक्याला लावू नका, आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.