रहस्यकथाकार परगावी जातो तेव्हा

गुन्ह्यांच्या गोष्टींवर पोट भरणारा लेखक परमुलखात खऱ्याखुऱ्या गुन्ह्यात सापडला, की त्याची फजिती ठरलेली. ही फजिती म्हणजे तोंडीलावणं नव्हे. रहस्यकथेचं निम्मं काम तीच करते. सत्यजित राय यांच्या गुप्तहेर फेलूदाच्या कथांतले लालमोहन गांगुली ऊर्फ ‘जटायू’ पाहा. थरारक कादंबऱ्यांचे हे लोकप्रिय लेखक, पण उंटाच्या अंगात पाणी कसं टिकतं इथपासूनच्या त्यांच्या चुका फेलूदाला सुधाराव्या लागतात. ‘कैलाशे केलेंकारी’त भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून चोरलेल्या यक्षीच्या शिराचा माग काढत ही मंडळी थेट आपल्या वेरूळला पोचतात. अगाथा ख्रिस्ती यांची रहस्यकथाकार आरिआडनी ऑलिव्हरही त्याच गोत्रातली. तिचा गुप्तहेर फिनलंडचा, आणि फिनलंडची माहिती मात्र तिला नाही.

रहस्यकथेत धागेदोरे वाचकापुढे उघडे ठेवावे लागतात, तरी ते त्याच्या नजरेतून सुटायला हवेत. लेखकमहाशय भलत्यावरच संशय घेतात, वाचक हसतो आणि त्या हसण्यात खरा धागा निसटून जातो. प्रवासात हे अधिक सहज घडतं, कारण परक्या गावातली रोजची गोष्टही पाहुण्याला संशयास्पद वाटते. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळचं कपिलधार या दृष्टीने फार सोयीचं आहे. बालाघाटाच्या डोंगरातला धबधबा, मन्मथस्वामींची समाधी आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून येणाऱ्या पायी दिंड्या. दिंडीतली माणसं एकमेकांना गावानिशी ओळखतात. अनोळखी ठरतो तो शहरातून आलेला लेखकच.

तीर्थक्षेत्री गुन्हा आणि त्यावर हसू, हे श्रद्धेला ठेच लावणारं नाही का? हसू कोणावर आहे, यावर ते अवलंबून. ते भाविकांवर असेल तर आक्षेप रास्तच. पण इथे हसू होतं ते सर्वज्ञपणाचा आव आणणाऱ्या लेखकाचं. विनोदाने गुन्ह्याचं गांभीर्य पातळ होतं, हा दुसरा आक्षेप. वेरूळच्या कथेत जटायू हसवतात, तरी प्राचीन शिल्पांची तस्करी क्षुल्लक वाटत नाही. उलट, एरवी या विषयाकडे न फिरकणारी मुलंही ती कथा आवडीने वाचतात. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या भाषेत वाचकांची वाण नाही. आजच्या मराठी रहस्यकथाकाराने स्वतःवर हसण्याची तयारी ठेवावी आणि आपल्या नायकाला खुशाल कपिलधारच्या यात्रेत सोडावं.