केआरएएस शाबूत, तरीही गाठ

स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ सारखीच घातक नसते. ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम’ ही दुर्मीळ गाठ मुख्यतः तरुण स्त्रियांमध्ये आढळते; अमेरिकी डॉक्टर व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात ९० टक्क्यांहून अधिक वेळा केआरएएस जनुक बिघडलेलं असतं. इथे ते शाबूत असतं आणि बिघाड जवळपास नेहमी सीटीएनएनबी१ या जनुकात सापडतो. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन वेळेवर मोडीत निघत नाही, पेशीच्या केंद्रकात साचतं. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर हाच साठा शोधतात. अर्थात, नुसत्या या खुणेवर विसंबून चालत नाही. मुलांमधल्या पँक्रियाटोब्लास्टोमा या स्वादुपिंडाच्या कर्करोगातही ती तुकड्यातुकड्यांत दिसते. सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.